मशीनकडं तोंड करून

आमच्या बौद्धवाड्यानं कितीतरी उन्हाळे म्हशी बसलेल्या डोहाखालचं पाणी प्यालं. गोदावरी आटली की वाळूत झिरे खोदायचे. गावाचा झिरा वरच्या अंगाला आणि आमचा खाली, असा रिवाज होता. काल टीव्हीवर नदीचा माहितीपट लागला, तर ओल्या वाळूचा वास नाकात आला आणि मी त्या दुपारी जाऊन पोचले.

तेव्हा मी गंगाखेडला बी.ए. करत होते. पाण्यावर फिल्म काढणारे शहरातले लोक कॅमेरा घेऊन गावात आले होते. रोज 'ए पारू' म्हणणारे सरपंच आईला म्हणाले, "पारूबाई, या की वरच्या झिऱ्यावर. समद्या बाया एका जागी दिसू द्या."

आई घागर कमरेवर घेऊन तिथंच थांबली. "आज लय माया यायलीय, मालक. मशीन गेल्यावर काय?"

"काय म्हंजे? या की रोज."

"मग हेच मशीनकडं तोंड करून सांगा."

बाया पदराआड हसल्या. सरपंचांनी टोपी सारखी केली आणि सांगितलं. मगच आई वरच्या झिऱ्यावर जाऊन पाण्यात वाकली.

पाहुण्यांसमोर कशाला हा वाद, म्हणून मला तेव्हा तिची लाज वाटली. आज तिचा संशय मला रास्त वाटतो. ती फिल्म आम्ही कधी पाहिली नाही. मशीनमध्ये रीळ तरी होतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा वर गेली. गावातल्या बायांनी नाकं मुरडली, पण "सरपंच मशीनमधी बोललाय गं," म्हणत सरकल्या. त्या उन्हाळ्यापासून आमच्या वस्तीनं वरच्या झिऱ्याचं पाणी भरलं.