फ्लेक्सवर दोनच चेहरे

शेवगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि माझं डोकं जरा गरम आहे. पुण्यात डिझाइन शिकून आले तेव्हापासून माझा एकच हट्ट, फ्लेक्सवर मोकळी जागा दिसली पाहिजे. आणि इथल्या माणसाला मोकळी जागा दिसली की तिथे मेव्हण्याचा फोटो सुचतो!

मध्यंतरी एक काका आले. मुलगी पोलिसात भरती झालेली, गावात सत्कार होता. मी झकास डिझाइन केलं. वर्दीतली मुलगी, खाली तिचं नाव, बाकी नुसतं निळं आकाश.

काकांनी त्या आकाशावरून बोट फिरवलं. "ताई, पोरगी लई भारी दिसती. पन मान्सं कुठं हायती?"

"सत्कार तिचा आहे ना काका?"

"व्हय. पन थोरल्या भावाचा फोटो न्हाई टाकला तर त्यो यायचा न्हाई."

काकांनी सांगितलं, गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या घरातल्या लग्नाच्या फ्लेक्सवर थोरल्यांचा फोटो राहून गेला होता. तेव्हापासून थोरल्यांनी काकांचा उंबरा चढला नव्हता. आणि भरतीसाठी मुलीला रोज ग्राउंडवर पळायला नेलं होतं ते त्यांनीच.

"चुलता नसंल तर मी हार घालून घ्यायची न्हाई, म्हनती पोरगी. आता बोला!"

कपाळ माझं! एक चुलता आला की मागून मामा, साडू, सरपंच, सगळी वरात येते. मी सांगून टाकलं, "दोनच चेहरे. तिसरा म्हणालात तर दुसरं दुकान बघा."

"मग पोरीचा आन थोरल्याचा टाका."

"आणि तुमचा?"

"माझा ऱ्हाऊ द्या. मला कुठं रुसायचंय?"

थोरल्यांचा एकच फोटो मिळाला, तोही पंगतीतला, गालात जिलेबी कोंबलेली. तो गाल खाली बसवता बसवता माझी दुपार गेली. आणि सगळा वेळ मला त्या काकांचाच राग येत होता. 'माझा ऱ्हाऊ द्या' असं कसं म्हणतो हा माणूस! शेवटी चिडूनच मी त्यांचाही फोटो टाकला. खालच्या कोपऱ्यात, आकाश फार बिघडणार नाही इतका.

आदल्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला. सत्काराच्या सकाळी मला फोन आला, आवाज खणखणीत.

"फ्लेक्सवाल्या ताई तुमीच का? मी पोरीचा चुलता. फ्लेक्सखालीच हुबा हाय."

गाल वाकडा झाला वाटतं. "बोला काका."

"माझ्या भावाचा फोटो एवढा बारका का टाकला वो? बाप हाय त्यो पोरीचा."