दाजींची सुई

मधमाशीला भिणारा फौजी आमच्या सबंध मुलखात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. पेन्शन घेऊन दाजी कवठे महांकाळजवळच्या आपल्या मळ्यात राहायला आले, तेव्हा त्यांनी सर्वांत जपून आणली ती एक चपटी स्टीलची डबी. तिच्यात काचेची सिरिंज, सुया, कापूस आणि औषधाच्या इवल्याशा काचेच्या कुप्या. पलटणीत असताना एकच माशी चावली आणि घसा आतून सुजून दाजींचा श्वास बंद होत आला. लष्करी डॉक्टरांनी वाचवलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर स्वतःच्या मांडीत सुई कशी टोचायची तेही शिकवलं. तेव्हापासून ही डबी फक्त आंघोळीपुरती त्यांच्या अंगावरून उतरे.

सकाळी चहाच्या आधी चुलीवर सिरिंज उकळे. ताई म्हणायची, "या घरात आधी सुईला आधण, मग माणसांना." पाहुणा किंवा शेजारी आला की दाजी एक वांगं घेऊन त्याला धडा देत. "कुपीची मान आशी मोडायची. आवशिद पान्यागत दिसाय पायजे, तांबूस झालं तर टाकून द्यायचं. आन् मांडीत टोचायचं, लाजायचं न्हाई." माझ्या लग्नात माशी घोंगावली म्हणून ते भरल्या पानावरून उठले. ती साधी घरमाशी निघाली. वऱ्हाड हसलं, मीही हसलो.

एका वर्षी शाळू काढायच्या दिवसांत शेजारच्या मळ्यातल्या चिंचेवरचं आग्यामोहोळ उठलं. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. दाजी मात्र घोंगडं पांघरून चिंचेकडे धावले, कारण त्या मळ्याच्या धोंडीरामाची बायको शेवंता तिथं पडली होती. तिचे ओठ सुजले होते, श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता. दाजींनी डबी काढली. धोंडीरामानं त्यांचा हात धरला.

"काय टोचताय तिला?"

"जीव चाललाय तिचा. सोड."

सुई दिल्यावर तिला श्वास आला. बैलगाडीतून सडकेपर्यंत नेली, तिथं एक ट्रक मिळाला. वाटेत पुन्हा घरघर लागली, दाजींनी दुसरी कुपी दिली. सांगली यायच्या आत ती गेली.

डॉक्टर म्हणाले, सुई नसती तर ती सडकेलाही पोचली नसती. पण गावात बोलणं झालं, फौजीनं सुई देऊन मारली. धोंडीरामानं बोलणं टाकलं. दाजींनी कुणाला काही समजावलं नाही. वांग्याचा धडा तेवढा बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात बांधावर दाजींना गांधीलमाशी चावली. बोटं इतकी सुजली की कुपी मोडेना. पलीकडे धोंडीराम औत हाकत होता. तो आला, डबी घेतली, कुपी मोडली, औषध भरलं आणि मांडीत टोचलं. मग सांगलीच्या दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना भेटायला गेलो. "वाटेत काही बोलला का तो?" मी विचारलं.

"बोलला. म्हनला, सायेब, तुमी त्यातनं गेलाय. शेवटाला तिला कसं वाटलं आसंल?"

"मग?"

"म्हनलं, झोप यील तसं."

एवढं बोलून दाजींनी भिंतीकडे कूस बदलली.