दोन हाकांवरची विहीर

मुलांनो, तुमच्या शाळेने तुम्हाला नदीकाठी नेले होते, त्याचे फोटो परवा मिळाले. धाकटीने खाली विचारले होते, "आजी, तूही मुलांना असं न्यायचीस?" मी "हो, दरवर्षी" एवढेच उत्तर पाठवले. ते अपुरे होते, म्हणून हे लिहिते आहे.

मी मुरबाडकडे भूगोल शिकवत असे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, नववीची क्षेत्रभेट वैशाखरे गावाच्या वरच्या एका डोंगरवस्तीत नेली. वर्गातली एक मुलगी तिथलीच. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर जाणार होते. तिने त्यांच्याबरोबर जायचे की आजीपाशी राहून शिकायचे, हे अजून ठरले नव्हते. मला ते ठाऊक होते.

घरापासून पाण्यापर्यंतचे अंतर तक्त्यात मीटरमध्ये लिहायचे होते. बाकीच्यांनी टेप लावून मोजले. तिने लिहिले, 'दोन हाका'. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते मोठ्याने वाचले.

"हाका म्हणजे किती मीटर?"

"मीटर नाय ठाव, बाई. आता दोन हाका. चैतात तीन. विहीर आटते, मंग झऱ्याव जावं लागतं."

"आन पावसाल्यात कानात सांगतेस का गो?" मागून कोणीतरी म्हणाले.

वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या रकान्यात तिला शून्य दिले.

सुट्टीनंतर ती आली नाही. मी वस्तीवर गेले. तिची आजी उंबऱ्यात बसली होती.

"मी ठेवून घेत व्हते तिला," ती म्हणाली. "तीच बोलली, माजं शालंत चुकतं, मी जाते."

मी विचारले, एक हाक म्हणजे केवढी?

ती उठली. तोंडाशी हात धरून विहिरीच्या दिशेने तिने लांब हाक मारली आणि थांबली.

"जिथवर आयकू जातं तिथून मानूस ओ देतो. तेवढी एक हाक," ती म्हणाली. "आता सगली भट्टीव गेलीत. ओ कोन देल, बाई?"

मुलगी शाळेत परत आली नाही. दहावीच्या पटावर तिचे नाव नव्हते. शेवटच्या वर्षी मी तक्त्यात मीटरशेजारी एक रकाना वाढवला, 'घरी काय म्हणतात'. माझ्यानंतर आलेल्या बाईंनी तक्ता बदललेला नाही. तो रकाना अजून आहे.