सहावं शीत

आधीच सांगते... भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आठ वर्षं जपानमध्ये, कावासाकीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी. बग सापडला की तो परत परत घडवून बघायचा, हाच माझा धंदा. हे मात्र एकदाच घडलं, म्हणून इथे लिहितेय.

माझे आजोबा, नाना, महायुद्धात बॉम्बर विमानावर वायरलेस ऑपरेटर होते. ब्रह्मदेशात विमान पडलं, जपान्यांनी पकडलं आणि शेवटी बोटीतून इथे, कावासाकीच्या एका कारखान्यात राबायला आणलं. घरातून निघाले तेव्हा माझे बाबा वर्षाचे होते, परतले तेव्हा पाच वर्षांचे.

परत आलेले नाना भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मरेपर्यंत. कैदेत स्वतःचं ताट सांभाळायची सवय लागली असणार, असं आई म्हणते. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती मात्र नेमाने घालायचे — पण सगळे पाच शितं मांडतात, नाना सहा. का, ते विचारायची कोणाची बिशाद नव्हती.

"माझं तोंड बघून त्यांना घास उतरत नसावा," बाबा म्हणायचे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने हे म्हणावं! याच रागापायी त्यांनी स्वतः कधी चित्राहुती घातली नाही. आणि मागच्या मे महिन्यात हट्टाने माझ्याकडे आले. "ते होते तिथे एकदा बसून जेवायचंय मला. बास."

युद्धकैद्यांच्या त्या कॅम्पची खूणसुद्धा उरलेली नाही हो. कालव्याकाठी गोदामं आणि एक छोटीशी बाग, एवढंच. रविवार, दुपारचे बारा, टळटळीत ऊन. बाबांना एका लाकडी टेबलाशी बसवलं आणि कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, ओनिगिरी (भाताचे गोळे) आणि गार चहा आणायला गेले. पाच मिनिटं, फार तर.

परतले तर बाबा टेबलाकडे टक लावून बसलेले. टेबलावर ताटाएवढं पाण्याचं ओलं कडं, आणि त्याच्या कडेला ओळीने भाताची शितं.

"बाबा, भात कुठून आणलात?" पिशवी तर माझ्याच हातात!

"मी नाही गं. जरा डोळे मिटले होते... उघडले तर हे."

बागेत चिटपाखरू नव्हतं. मी वाकून नीट बघितलं. चित्राहुती ताटाच्या उजव्या हाताला घालतात ना? ही बाबांच्या डाव्या हाताला होती. म्हणजे घालणारा समोर बसला होता — बाबांकडे तोंड करून. आणि ओळीत शितं पाचच. सहावं उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवलेलं.

बाबांनी ते हातात घेतलं.

"अहो बाबा, चित्राहुतीतलं खात नाहीत!"

"माझं आहे गं ते," म्हणाले आणि तोंडात टाकलं. मग लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मीही रडले, लपवू कशाला.

पुढचे तीन रविवार मी त्याच वेळी, त्याच टेबलाशी जाऊन बसले. काही नाही. कोणी म्हणेल बाबांनीच केलं असेल... पण भात? पाणी? मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, आता मी शोधतही नाही.

बाबा पुण्याला परतलेत. परवा आई फोनवर सांगत होती, हल्ली रोज चित्राहुती घालतात, तिच्या समोर बसून. सहा शितं. सहावं कोणाचं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, "पोरगी लांब आहे ना आपली."