पातं कोणी धुतलं नव्हतं

"काय आहे ते सांगू नका." पुडकं घेऊन आलेला वनखात्याचा साहेब असो की पोलीस, "हे हरणाचं..." एवढं म्हणेपर्यंत अक्काचा तळवा त्याच्या तोंडासमोर. "ते आपण मांसालाच विचारू."

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. तुकडाभर मांसातून डीएनए काढून प्राणी ओळखता येतो, हे आमच्या शेजाऱ्यांना थाप वाटायचं. अक्का निपाणीची, घरात मराठी, कामावर कन्नड, राग आला की दोन्ही. प्रयोगशाळेत ती मुख्य, मी तिच्या हाताखाली. बाईनं जन्मात अंडं खाल्लं नव्हतं आणि दिवसभर मांस चिरायची. आम्ही चिडवायचो. "खात नाही, म्हणूनच नीट चिरते," म्हणायची.

एकदा एका वनरक्षकानं बड्या कंत्राटदाराच्या जीपमध्ये मांस पकडलं. कंत्राटदार म्हणे, बकऱ्याचं आहे. उलट वनरक्षकच निलंबित, खोटी केस केली म्हणून. त्या गरिबाची नोकरी आमच्या अहवालावर अडलेली.

आमचं उत्तर आलं, बकरा.

मग मला आठवलं. त्या सकाळी ताडून पाहायला म्हणून मी बाजारातलं बकऱ्याचं मटण चिरलं होतं, आणि न धुता त्याच पात्यानं हे. अक्काला सांगितलं. तिनं दोन्ही भाषांत माझा उद्धार केला. पण प्रत्येक पुडक्यातलं अर्धं मांस ती न उघडता सील करून ठेवायची. ते काढलं, नवं पातं घेतलं, दोनदा तपासलं. चितळ.

"वहीतलं बकऱ्याचं पान फाडू या," मी म्हटलं. "कोर्टात वकील सोलून काढेल."

"फाडलेल्या वहीतलं चितळ कोण मानेल रे?"

आणि तिनं त्याच पानावर लिहिलं, 'पातं धुतलं नव्हतं. चूक माझी.' खाली स्वतःची सही.

कोर्टात वकिलानं तेच पान नाचवलं. "म्हणजे बाई, तुम्ही चुकता?"

"चुकते. म्हणून तर लिहून ठेवते. ते पान तुम्हाला मीच दिलंय, सर."

तुम्ही तिथं असायला हवं होतं. वकील ते पान टेबलावर ठेवून खाली बसला. वनरक्षकाला नोकरी परत मिळाली.

वरच्यांना मात्र ते झोंबलं. दोन महिन्यांत अक्काची बदली झाली, गावाबाहेरच्या एका गोदामात. कारण लिहिलं होतं, कामातला निष्काळजीपणा. "स्वल्प लांब पडतं. बघू की," एवढं म्हणून ती डबा उचलून निघाली. मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

तिच्या खुर्चीवर नवे साहेब आले. कामावर नव्यानं लागलेल्या पोरांना ते मुद्दाम ती वही उघडून दाखवायचे, "एवढी जुनी बाई, आणि काम बघा."

तिसऱ्यांदा ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. सगळ्यांसमोर वही ओढली, अक्काच्या सहीखाली लिहिलं, 'पातं मी धुतलं नव्हतं. तिनं माझी चूक अंगावर घेतली.' सही ठोकली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

"घ्या साहेब, दाखवा."