चिंधी बांधलेले वाल

घणसोलीच्या त्या सोसायटीत गिरजाबाईला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची ती मावशी. आणि न्हावा शेव्याच्या यार्डातून रिटायर झालेला तिचा नवरा सीताराम म्हणजे बागवाले काका. बाग कसली हो, इमारतीच्या मागची चिंचोळी पट्टी! बिल्डर तिथे फुटक्या लाद्या टाकून गेलेला आणि वरचे लोक केळीची सालं भिरकावायचे. नवराबायकोने एकेक दगड उचलून ती जागा मोकळी केली. मुलगा संघर्ष वैतागायचा, "लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणणार? पहिली मेथी वर आल्यावर लोकच टोपल्या घेऊन खाली उतरले.

समोरासमोर दारं असून कधी न बोललेल्या बायका अळूच्या पानांवरून बोलायला लागल्या. पोरं मोबाइल टाकून गांडुळं बघायला धावायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची श्रुती, ऐरोलीच्या कंपनीत नोकरीला, बाळंतपणानंतर घरात कोंडून घेऊन रडायची. गिरजाबाई तिला हाताला धरून खाली घेऊन आली आणि खुरपं दिलं. "रड, पन गवत काढत रड." पोरगी खरंच सावरली. वाफे, आळी, खत, सगळं शिकली. गिरजाबाईने तिला एक गोष्ट पढवून पक्की केली होती : "वाळलेलं झाडावर ठेवायचं नाय. काढून टाकायचं. कीड धरते."

थंडीत पोपटी व्हायची. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. सगळी इमारत खाली बसून हात भाजत शेंगा सोलायची. शेंगा बागेतल्याच, रोह्याकडच्या सीतारामच्या गावातल्या वाणाच्या. दाणा बारीक, तांबूस, जिभेला जरासा कडू. सीतारामच्या आईने मरताना त्या बियांचं मडकं सुनेच्या हातात दिलं होतं. "पोरी, सोनंनाणं काय नाय माझ्याकडं. हे बी तेवढं बुडवू नको," एवढंच म्हणाली होती बिचारी. गावची जमीन पुढे फार्महाऊसवाल्यांच्या घशात गेली, तिथे पेरणारं कोणी उरलं नाही. वाण जगला तो ह्या पट्टीत.

त्यात गेल्या पावसात मडक्यातल्या बियांना भुंगा लागला. निवडून निवडून वाचले तेवढे दाणे दोघांनी दिवाळीनंतर पेरले. पोपटीला शेंगा दिल्या, पण भिंतीकडची ओळ सीतारामने राखली. एकेका झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. गावाकडे चिंधी बांधलेल्या झाडाला कोणी हात लावत नाही. ते बियाणं. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, खुळखुळल्या की उतरवायच्या, राखेत घालून मडक्याचं तोंड बांधायचं.

शेंगा वाळायला लागल्या आणि सीतारामला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. वाशीच्या हॉस्पिटलात गिरजाबाई त्याच्या उशाशी बसून राहिली. जरा शुद्धीवर आला की तो एकच विचारायचा, "बी उतरवलंस?" ती म्हणायची, "वाळू दे की जरा. घरी गेलो की दोघं मिळून उतरवू." त्या वाक्यावर माणूस तग धरून होता, तिला दिसत होतं. जेवणाचा घास घेतला तर त्यासाठी, डावा हात हलवला तर त्यासाठी.

घरी सोडलं त्या दिवशी अॅम्ब्युलन्स गेटात शिरली, तर अख्खी सोसायटी खाली उभी! पोरांच्या हातात फुलं. सीतारामला स्ट्रेचरवरून वर नेलं आणि श्रुतीने गिरजाबाईचा हात धरला. "मावशी, आधी मागे चला. सरप्राइज आहे. काकांना मग खिडकीतून दाखवू."

मागे गेली तर काय! लालभडक माती ओतलेली, वर विकतचं हिरवंगार लॉन, भिंतीशी रंगीत कुंड्या. पाटी रंगवलेली, 'सीतारामकाकांची बाग'.

"सगळ्यांनी मिळून रविवारी श्रमदान केलं," श्रुती घडाघडा सांगत होती. "बाग पार सुकून गेली होती हो. भिंतीकडचं तर सगळं मेलेलं, वाळकं. वर कुणी चिंध्या टाकलेल्या. काकांनी हे बघितलं असतं तर किती वाईट वाटलं असतं! मी सगळं मुळापासून काढलं. तुम्हीच शिकवलंय ना, वाळलेलं ठेवायचं नाही."

गिरजाबाईने भिंतीकडे बोट केलं. "ते... कुठं टाकलं?"

"घंटागाडीत दिलं. टेन्शन घेऊ नका, जराही कचरा ठेवला नाही."

वैऱ्याने केलं असतं तर बाईने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण समोर ही पोर उभी, हाताला खुरप्याचे फोड आलेली, डोळ्यांत पाणी, शाबासकीची वाट बघत. हिला काय बोलायचं? स्वतःच शिकवलेला धडा हिने चोख गिरवला होता. चिंधीचा तेवढा सांगायचा राहिला. कशाला सांगेल? तिला वाटलं होतं, एवढं तर कुणालाही कळतं.

"छान केलंत गो," गिरजाबाई म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे पांगल्यावर ती लॉनची कड उचकून मातीत बोटं घालत बसली. एखादा दाणा फुटून पडला असेल, एखादा तरी! पिळवटलेलं एक रिकामं टरफल हाताला लागलं. बाकी लाल मातीच, कुठल्या डोंगराची कोण जाणे. सासू गेली तेव्हा रडली नव्हती एवढी ती तिथे भिंतीकडे तोंड करून रडली. मग तोंड धुतलं आणि वर गेली.

"बी?" सीतारामने विचारलं.

"उन्हात घातलंय. उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून वाल आणले. पांढरे, टपोरे, पॉलिश मारल्यासारखे. सासूच्या मडक्यात राख ओतली, त्यात ते वाल कालवले, हाताने पुन्हा पुन्हा राख चोळली. रंग काही बदलेना. डॉक्टर म्हणाला होता, माणसाला धक्का बसता कामा नये. तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय?

मडकं तिने त्याच्या पलंगावर टेकवलं. सीतारामने डावा हात आत घातला, एक दाणा काढला. अंगठ्याने राख पुसली. दाणा खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि बघत राहिला. बायकोकडे नाही, दाण्याकडेच. मग जिभेवर ठेवला, दाताखाली चावला.

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला उजवा हात उचलत नव्हता.

"या वर्साला," तो अडखळत म्हणाला, "दाना मोठा आलाय."

"व्हय," गिरजाबाई म्हणाली. "पाऊस बरा झाला व्हता."

"व्हय," तो म्हणाला. "तोंड बांद मडक्याचं."

तिने फडकं घेतलं आणि मडक्याचं तोंड करकचून बांधलं.