पहिल्या हाकेची ओ

बातमी आली तेव्हा मी नवापूरला मेहुणीच्या मुलाच्या हळदीत होतो. डीजेचा असा दणका चालला होता, की फोन कानाला लावून मला मांडवाच्या मागे, भांडी घासायच्या जागेपर्यंत जावं लागलं. शहाद्याहून आमच्या गल्लीतला फोटोवाला बोलत होता. "भाऊ, जिभाऊ किल्ल्यावर वारले... पाड्याच्या लोकांनी खाली आणलं." मी त्याला दोनदा शिव्या घातल्या, असली मस्करी करतोस म्हणून. तो रडायला लागला तेव्हा खरं वाटलं. तसाच निघालो. शहाद्याला जिभाऊंच्या ओट्यावर पोचलो तर बाया माझ्याकडे बघून चमकल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की गालांवरची हळद मी पुसलीच नव्हती. एखाद्या माणसाच्या मयताला हळदीच्या तोंडाने जावं, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये.

जिभाऊ माझे नात्याने कोणी नव्हते. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि माझं औषधाचं दुकान समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. केळीचा आणि उसाचा मुलूख आमचा. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून लेकरू आणल्यासारखी घेऊन येतो, आणि जिभाऊ तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी तार भरत बसतात. बोटं कायम वॉर्निशने चिकट, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. चार वाजले की रस्त्यापलीकडून हाक यायची, "जग्याऽऽ!" मी जागचा हलायचो नाही. मग जरा वेळाने दुसरी, "ए जग्याऽऽ!" की मी काउंटर सोडून चहाला निघालो. गिऱ्हाइकांना वाटायचं मेडिकलवाला माजलाय, वडीलधाऱ्या माणसाला दोनदा ओरडायला लावतो. पण शिस्त त्यांचीच. "जग्या, पहिली हाक भूतनी," ते म्हणायचे, "दुसरी हाक मन्ही." म्हणजे पहिली भुताची, दुसरी माझी. हळूहळू अख्ख्या बाजाराला ते वळण लागलं. हमाल, चहावाला, शेजारचा टेलर, सगळे एकमेकांना दोनदा हाका मारायचे आणि हसायचे.

ही शिस्त त्यांनी आणली त्या किल्ल्यावरून. आठवड्यातून एक दिवस दुकानाचं शटर खाली आणि जिभाऊ मोटरसायकलवर, मागे मी. लोक सुट्टीला सुरतला जातात, सिनेमा बघतात, आम्ही पडक्या जागा बघायचो. प्रकाशा गावाला तापीकाठी, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर आम्ही तासन्‌तास खापऱ्या उचलून बघायचो आणि होत्या तिथेच ठेवून द्यायचो. घरी एकसुद्धा आणायची नाही, हा त्यांचा दंडक. "त्यासना चूल्हाजोगे राहू दे," म्हणायचे, ज्यांची खापरं त्यांच्या चुलीजवळच बरी. उनपदेवच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलं की हा माणूस तासभर बोलायचा नाही, आणि तोरणमाळच्या घाटात हळद्या पक्षी दिसला की गाडी चालू ठेवून उतरायचा. मी पक्का घाबरट. ओसाड देऊळ दिसलं की मला साप दिसायचे. आत जिभाऊ, बाहेर मी, असंच आमचं बघणं.

तो किल्ला सातपुड्याच्या पायथ्याला, एका पाड्याच्या मागच्या टेकडीवर आहे. किल्ला म्हणायचा आपला मान ठेवून, नाहीतर दोन बुरुजांचे ढिगारे, एक पडका दरवाजा आणि आत सागाचं रान. कोणी बांधला, कोण राहिलं, कोणाला धड सांगता येत नाही. जिभाऊंना त्याचंच वेड. पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरताना वाट चुकली. जिभाऊंनी जोरात हाक मारली, "कोणी शे का रेऽऽ?" काही नाही. खाली मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचताना आम्हाला लख्ख दिसत होत्या, आणि त्यांतली एकही मान वर करेना! जिभाऊ चिडले, परत ओरडले, तर सगळ्या एकदम "ओऽऽ" म्हणून हसत सुटल्या. त्यांतली रेलीबाई वर येऊन आम्हाला खाली घेऊन गेली. घरची बोली तिची पावरी, आमच्याशी मोडक्या मराठीत बोलायची. म्हणाली, "रानात एक हाक माणसाची नाय. माणूस दुसऱ्यांदा बोलावतो. त्याला ओ द्यायची." जिभाऊंना ते इतकं आवडलं की परतताना गाडीवर ते मागे वळून वळून मलाच दोनदा हाका मारत होते. पुढे त्या पाड्याचा पाण्याचा पंप बिघडला की जिभाऊ जाऊन सुधारून द्यायचे आणि रेलीबाई त्यांना वाळलेली मोहाची फुलं बांधून द्यायची.

घरी मात्र या फिरण्याला वहिनींचा सक्त विरोध. सुमनवहिनी म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. आम्ही निघालो की ओट्यावर उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "घरमां नळ गळी ऱ्हायना, तो देखाले टाईम नही, आनि दगडे देखाले चालनात!" आणि तेवढं बोलून भाकरी-ठेच्याचं फडकं गाडीला अडकवायच्या. संध्याकाळी परतल्यावर जिभाऊ दारातून हाक मारायचे. वहिनी पहिल्या हाकेला कधीच यायच्या नाहीत, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला "काय शे?" म्हणत पदराला हात पुसत बाहेर. जिभाऊ मला डोळा मारायचे, "भूतबी थकी जाई इना पुढे."

चैत्रात मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि सगळा पाडा टोपल्या घेऊन तिथे असतो. जिभाऊंना तो वास फार प्रिय. मी लग्नात अडकलेला, म्हणून त्या दिवशी ते एकटेच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं, शेजारी कोणी असतं तरी काही करता आलं नसतं. सगळ्यांनी ते ऐकलं, माना हलवल्या. तेरावं झालं. त्यांची मोटरसायकल पाड्यावरच राहिली होती, ती आणायला मी जीप करून गेलो.

गाडी चिंचेखाली तशीच उभी होती. सीटवर कोणीतरी गोणपाट टाकून ठेवलं होतं, उन्हाने तापू नये म्हणून. पण पाडा मला निराळाच वाटला. मोहाच्या झाडांखाली फुलं कुजून काळी पडलेली. वर्षभराचा ज्यांवर आधार, ती फुलं कोणी वेचलीच नव्हती. वास नुसता आंबलेला. मी रेलीबाईला विचारलं तर म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी वरून हाक आली."

मी म्हटलं, "मग?"

"एकच आली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. दुसरीची वाट बघितली."

दुसरी आली नाही. ऊन चढल्यावर, गाडी अजून चिंचेखालीच आहे हे कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि माणसं वर गेली. दरवाजाच्या दगडाला टेकून जिभाऊ बसलेले होते, तोंड पाड्याकडे. तेव्हापासून त्या झाडांखाली कोणी जात नव्हतं. रेलीबाई म्हणाली, "हाक अजून वरच आहे. सकाळी आम्हाला ऐकू येते. ज्याची हाक, त्याच्या घरच्याने ओ दिली पाहिजे. नायतर तो बोलावतच राहील." हे सांगताना ती रडत नव्हती.

मी मोटरसायकल घेऊन निघालो खरा, पण तिने माझ्यामागे काय लावून दिलं होतं ते मलाच ठाऊक. रस्ताभर पाठीवर कोणी बसल्यासारखं. मी शिकलेला माणूस, औषधं विकतो, डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळतं. तरी एकच विचार डोकं खात होता. ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला दुसऱ्या हाकेची सवय लावली, त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं असणार की एका हाकेवर कोणी येणार नाही. दुसरी हाक मारायला तो श्वास गोळा करत असणार... खाली बाया दिसत असणार. दुकानात चार वाजले की रस्त्यापलीकडून आवाज यायला लागला, "जग्याऽऽ!" अगदी स्पष्ट. मी दचकून बघायचो तर बंद शटर. आणि मी वेड्यासारखा दुसरीची वाट बघत उभा. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेट, गोळ्या देता ना?" हातातली पट्टी तशीच. रात्री झोप नाही, जेवण गोड लागत नाही. बायको म्हणाली, दृष्ट काढते. मी म्हटलं, काढ बाई.

वहिनींना सांगावं की नाही? सांगितलं तर त्या बाईने उरलेला जन्म त्या एका हाकेपाशी काढायचा. न सांगावं तर पाड्यावरची हाक तशीच, आणि माझ्या रस्त्यापलीकडचीही तशीच. मी दोनदा ओट्यापर्यंत जाऊन, चहा पिऊन, गप्पच परत आलो. तिसऱ्यांदा वहिनींनीच पकडलं. "जगनभाऊ, तुम्ही गाडी लेवाले गया, तव्हापासून तुमनं तोंड उतरी गयं. काय शे ते सांगी टाका." मग मी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. वहिनी ऐकत राहिल्या, हातातली मेथीची जुडी निवडायची थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, "कोनले हाक मारी त्यासनी?"

मी म्हटलं, "नाव कळलं नाही कोणाला. लांबून नुसती हाक आली."

त्यांनी मेथी बाजूला सारली, पदर खोचला. "मन्हं नाव व्हई. नहीतर तुमनं. माले लई चाला, आतेच."

पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. ज्या बाईने आयुष्यात कधी दगड बघायला पाऊल टाकलं नाही, ती बाई चप्पल हातात घेऊन ती टेकडी चढली. पाड्यावरच्या बाया, रेलीबाई पुढे, झाडांच्या अलीकडे उभ्या राहिल्या. पुढे यायला कोणी तयार होईना. वर रान एवढं गप्प की पानगळीचा आवाज कानाला लागावा. साग उघडे पडलेले, पडक्या दरवाजाचा दगड उन्हाने भाजत होता. वहिनींनी त्या दगडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, भयंकर भीती वाटत होती. वाटत होतं, ही ओ देईल आणि आतून खरंच कोणीतरी बोलेल.

"काय शे?" वहिनी म्हणाल्या. अगदी रोजच्यासारखं, जरा वैतागून. मग त्यांचा आवाज फाटला. "ओऽऽ! उनू ना मी... ओऽऽ!"

तो आवाज समोरच्या डोंगरावरून फिरून आला. मला काय झालं कुणास ठाऊक, मीही ओरडलो, "ओऽऽ जिभाऊ!" आणि खालून, मोहाच्या झाडांकडून, आधी रेलीबाईचा आणि मग सगळ्या बायांचा एकदम आवाज उठला, "ओऽऽ!" पहिल्या दिवशी उठला होता तसाच, फक्त आज कोणी हसत नव्हतं. वहिनी दगडाला टेकून खाली बसल्या आणि जिभाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. आम्ही उतरलो तेव्हा रेलीबाई झाडाखाली वाकून, काळ्या पडलेल्या फुलांतून उशिरा गळलेली, चांगली राहिलेली फुलं निवडत होती. तिने ओंजळभर वहिनींच्या पदरात घातली.

पाड्यावर आता हाक ऐकू येत नाही, असा रेलीबाईचा निरोप आला. बरं झालं. माझ्याकडे मात्र येते. समोरचं शटर बंद आहे, कुलपावर धूळ बसली आहे, बाहेर कोणाची तरी जळालेली मोटार पोत्यात तशीच पडून आहे. चार वाजतात आणि रस्त्यापलीकडून हाक येते, एकच. गिऱ्हाइकं बघतात, बघोत. मी हातातलं काम ठेवतो आणि मोठ्याने ओ देतो. दुसरीची वाट बघत नाही.